वाट आणि पंगत

(स्मृती व्याख्यानमालेत बोदलकसा येथे दिलेले व्याख्यान)



१८९३ साली नागपूरहून सुटलेली बंगाल नागपूर रेल्वेची एक गाडी तुमसर, तिरोडा, गोंदिया अशी स्टेशने मागे टाकत राजनांदगावकडे चालली होती. तिच्या एका डब्यात तिशी ओलांडलेले, संस्कृतात मुरलेले आणि नोकरीच्या शोधात निघालेले एक ब्राह्मण गृहस्थ बसले होते. नाव नारायण वामन टिळक. त्याच डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरलेल्या देशी माणसाला काय ऐकून घ्यावे लागे, हे मी सांगायला नको. या गृहस्थांनी मात्र टिळकांना आदराने वागवले. गप्पा निघाल्या त्या धर्मावर नव्हे, संस्कृत काव्यावर. टिळकांचा तो जिवाभावाचा विषय. बोलणे रंगले, आणि मग केव्हातरी ते ख्रिस्ताकडे वळले. उतरण्याआधी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि हा ग्रंथ मनापासून वाचलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते अजिबात पटले नाही. पण वाचीन असा शब्द त्यांनी दिला, आणि तो पाळला.

आपल्यापैकी कितीतरी जण रोज याच रुळांवरून ये-जा करतात. आधुनिक मराठी कवितेच्या आणि मराठी ख्रिस्ती धर्मजीवनाच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग आपल्या तिरोड्याच्या फलाटाला लागून गेला, याची इथे कुणी आठवण काढताना मी ऐकलेले नाही. आज ती काढावी म्हणून हा विषय घेतला.

माझे आयुष्य धर्मशिक्षण देण्यात गेले. उपदेश कसा करावा, वचन कसे उलगडावे, हे तरुण मुलामुलींना शिकवणे हे माझे काम. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते गुरुजी शाळामास्तर होते. ते ख्रिस्ती नव्हते, पण माझ्या कामाबद्दल त्यांना फार आस्था होती. ते मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत: तुमचा उपदेश ऐकून माणूस घरी गेल्यावर काय करतो? आजचे बोलणे त्या प्रश्नाच्या अंगानेच करतो.

आधी टिळकांच्या वाचनाबद्दल. त्यांची एक सवय होती. पुस्तक हाती घेतले की पेन्सिल घेऊन बसायचे, पटेल न पटेल त्यावर खुणा करायच्या. नवा करार त्यांनी तसाच सुरू केला, थोडा नाखुशीनेच. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना. हिंदुस्थानासाठी एक नवा धर्म स्थापावा असे विचार ज्यांच्या डोक्यात घोळत होते, असा हा माणूस. त्यांना तत्त्वज्ञानाचे वादविवाद नवे नव्हते. त्यांना धरले ते प्रेमाच्या आणि क्षमेच्या साध्या बोलांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. भाकिताची दोन वर्षे जवळजवळ तंतोतंत भरली.

मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगतो तेव्हा ते भाकिताकडे पाहतात. मी त्यांना संस्कृत काव्याकडे पाहायला सांगतो. त्या गृहस्थाने समोरच्या माणसाला काय आवडते, हे आधी ओळखले. त्या काव्याचा त्याने स्वतः अभ्यास केला होता, आणि तो खरा होता, नाहीतर टिळकांसारख्या पंडिताने चार वाक्यांत ओळखला असता. ज्याला परक्याच्या घरातल्या सोन्याची पारख नाही, त्याने आपल्या घरातले सोने त्याला दाखवायला जाऊ नये.

ही गोष्ट ख्रिस्ताने स्वतः करून दाखवली आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेची कथा येते. यरुशलेमेहून दोन शिष्य खिन्न मनाने गावाकडे परतत आहेत. गुरू क्रुसावर गेला, सगळे संपले, असे त्यांना वाटते आहे. एक अनोळखी माणूस त्यांना येऊन मिळतो आणि पहिल्यांदा विचारतो, तुमचे काय बोलणे चालले आहे? तो त्यांचे सगळे ऐकून घेतो. मगच वाटेने चालता चालता शास्त्र उलगडून सांगतो. गाव येते, दिवस कलतो, ते त्याला घरी राहायचा आग्रह करतात. तो जेवायला बसतो, भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडून त्यांना देतो, आणि त्या क्षणी त्यांना ओळख पटते.

इथे थोडे थांबूया. वाटेवरचे प्रवचन उत्तम होते, प्रत्यक्ष प्रभूने केलेले होते. त्याने त्यांची अंतःकरणे तापली हे त्यांनी नंतर कबूल केले. तरीही ओळख पटली ती वाटेवर नाही. ती घरात पटली, जेवणाच्या पंगतीत. माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा मथितार्थ एवढाच आहे. श्रद्धा वाटेवर भेटते, पण ती खरी की खोटी याचा निवाडा कोण कोणाबरोबर जेवायला बसते, तिथे होतो.

आपला हा मुलूख वाटेवरच्या धर्माला नवखा नाही. इथून जवळच डाकराम सुकडी आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे ते स्थान, तिथली यात्रा आपण सगळे लहानपणापासून पाहतो. सातशे-आठशे वर्षांपूर्वी स्वामी या झाडीच्या मुलखात हिंडले. भंडाऱ्यात नीळभट्ट भांडारेकार त्यांच्या मागे घर सोडून निघाले. म्हाइंभटांनी लिहिलेले लीळाचरित्र हे मराठी गद्यातले पहिले मोठे पुस्तक, आणि त्यात पानोपानी प्रवास आहे: स्वामी कुठे निघाले, कोणत्या देवळात उतरले, कुणाच्या घरचे जेवले, वाटेत कुणाशी काय बोलले. त्यांचे तत्त्वज्ञान चालता चालता, दृष्टांत देत, बायामाणसांना समजेल अशा मराठीत सांगितलेले आहे. भिक्षा सगळ्या वर्णांच्या दारी मागायची अशी त्यांची शिकवण होती. म्हणजे इथेही वाट पंगतीपाशीच पोचते. महानुभाव बंधू माझ्या मताशी सहमत होतील असे नाही. पण मी ख्रिस्ती उपदेशक म्हणून लीळाचरित्र वाचतो तेव्हा मला शुभवर्तमानांची आठवण होते, कारण दोन्हीकडे गुरू बसलेला कमी आणि चाललेला जास्त दिसतो.

गालीलचे सरोवर आणि हा बोदलकसाचा तलाव यांची तुलना करायचा मोह इथे उभे राहिल्यावर होतोच. मी ती करणार नाही. एवढीच आठवण करून देतो की लूक सांगतो त्याप्रमाणे किनाऱ्यावर गर्दी झाली तेव्हा येशूने शिमोनाच्या मचव्यात बसून लोकांना शिकवले. त्या वेळी कोळी आपली जाळी धूत होते. रात्रभर मेहनत करून काही हाती लागलेले नव्हते. आपल्याकडच्या ढिवर बांधवांना ही गोष्ट सांगितली की रिकाम्या जाळ्याचे दुःख त्यांना समजावून द्यावे लागत नाही. पहिले प्रेषित याच धंद्यातले होते. शहरातल्या चर्चमध्ये मी हा उतारा सांगतो तेव्हा लोक चमत्काराकडे बघतात. इथे लोक विचारतात, मचवा दिला त्या दिवसाचे शिमोनाचे काम बुडाले, त्याचे काय? उपदेशकाने या प्रश्नाला उत्तर द्यायला शिकले पाहिजे.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८४५ मध्ये ते नागपुरात आले, शाळा काढली, आणि थंडीचे दिवस आले की उपदेशासाठी गावोगाव फिरत राहिले. फिरताना ते खडक बघत, जीवाश्म गोळा करत, गोंडांची गाणी आणि शब्द टिपून घेत. गोंडांची गाथा गाणाऱ्या प्रधानांच्या तोंडून त्यांनी लिंगोची गाथा उतरवून घेतली. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले, आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद प्रसिद्ध केले. सांगायला आलेला माणूस ऐकून लिहून घेऊ लागला, ही मला त्यांच्या प्रवासाची सर्वांत मोठी कमाई वाटते. त्यांची धर्मविषयक मते आजच्या वाचकाला अनेक ठिकाणी खटकतील, मलाही खटकतात. पण गोंडी गाणे कान देऊन ऐकणारा उपदेशक त्या काळी विरळा होता.

प्रवास माणसाला दुसऱ्याचे दुःख दाखवतो, हे मराठी ख्रिस्ती लेखकांनी फार लवकर ओळखले. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचे नाव घेतो, पण ती एका जोडप्याच्या प्रवासाची गोष्ट आहे हे विसरतो. यमुना आणि तिचा नवरा गावोगाव जातात आणि प्रत्येक मुक्कामी एखाद्या विधवेची कहाणी कानी पडते. पदमनजी शिक्षक होते, उपदेशक होते, आणि कादंबरीतही उपदेश भरपूर आहे. कलेच्या दृष्टीने तो जड होतो हे मान्य. पण त्या विधवांच्या कहाण्या लिहायला त्याआधी फारसे कुणी बसले नव्हते.

पंडिता रमाबाईंचे तर बालपणच वाटेवर गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत, मुले सोबत. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही गेले, आणि रमाबाई भावाबरोबर पायी देश तुडवत राहिल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज पडली नाही. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे मरू लागली तेव्हा त्या स्वतः इकडे आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना केडगावला घेऊन गेल्या. आपण ज्या तलावाच्या काठी बसलो आहोत त्याचे धरण १९१७ चे. त्या दुष्काळांनंतर मध्य प्रांतात तलावांची जी कामे सरकारने काढली, त्या काळातले हे काम आहे. एका बाजूला मुलींना उचलून नेणारी ही बाई, दुसऱ्या बाजूला पाणी अडवणारे मजूर. या मुलखाच्या इतिहासात मी ही दोन्ही कामे शेजारी शेजारी ठेवतो.

आता पुन्हा टिळकांकडे येतो, कारण त्यांच्या गोष्टीचा अवघड भाग अजून सांगायचा आहे.

आगगाडीतला प्रसंग गोड आहे. त्यानंतरचे दिवस गोड नव्हते. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, पदरी लहानगा दत्तू. बातमी कळल्यावर त्यांचे काय झाले हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिले आहे, आणि ते मी माझ्या शब्दांत सांगू धजत नाही. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. टिळक मोठे भक्त होते, माझ्या मनात त्यांच्याविषयी परम आदर आहे. तरीही सांगतो, ते चुकले. देवाकडे जाणाऱ्या माणसालासुद्धा घरच्या माणसाला अंधारात ठेवून जायचा अधिकार नाही. उपदेश शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगत आलो आहे. एखाद्याची श्रद्धा बदलते तेव्हा त्याच्याबरोबर एक घर हलते, आणि त्या घरातल्या बाईला कुणी विचारलेले नसते.

मग लक्ष्मीबाई परत आल्या. नगरला टिळकांच्या घरी राहू लागल्या, पण सोवळे त्यांनी सोडले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. आणि इथे टिळकांचे मोठेपण दिसते. ज्या माणसाने गावोगाव उपदेश केला, त्याने आपल्या घरात उपदेश केला नाही. तिच्या सोवळ्याची सोय करून दिली आणि वाट पाहिली. एका छपराखाली दोन चुली पेटत राहिल्या. जातीचा विचार लक्ष्मीबाईंच्या मनातून पुढे आपोआप गळून पडला, कुणाच्या वादविवादाने नाही, स्वतःशी विचार करता करता. एकदा तो गेला तो गेला. मग त्या कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझ्या समजुतीप्रमाणे टिळकांना आगगाडीत भेटलेल्या ख्रिस्ताची खरी ओळख त्या घराला पटली ती त्या दिवशी, ज्या दिवशी दोन चुलींची एक चूल झाली.

‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक मी धर्मशिक्षणाच्या वर्गात लावले तेव्हा काहींना नवल वाटले. त्यात सिद्धान्त कुठे आहेत, असे विचारले गेले. त्यात मीठ आहे, डाळतांदूळ आहेत, उसनवारी आहे, पाहुणे आहेत, घरात आणून ठेवलेली अनाथ मुले आहेत, नवरा न सांगता निघून जातो ते आहे, आणि तो परत आल्यावर झालेली भांडणेही आहेत. लिहिणारी बाई शाळेत गेलेली नव्हती. ख्रिस्ती धर्म मराठी घरात नांदायला आला तेव्हा त्याचे कसे झाले, हे याच्याइतके खरेपणाने दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मला सापडलेले नाही.

टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे त्यांनी केवळ बोलून दाखवले नाही. अभंग, कीर्तन, टाळ-चिपळ्या हे सगळे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१७ मध्ये मिशनचे काम आणि पगार सोडून ते साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालतील असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना आयुष्य थोडे मिळाले, ९ मे १९१९ रोजी ते गेले. दरबार टिकला नाही. पण आजही झाडीपट्टीतल्या एखाद्या छोट्या मंडळीत पेटीवर त्यांचे भजन लागते तेव्हा म्हाताऱ्या बाया त्याला परदेशी धर्माचे गाणे म्हणत नाहीत, टिळकांचे म्हणतात.

अलीकडचे उदाहरण हवे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो घ्या. धर्मगुरू, ‘सुवार्ता’चे अनेक वर्षांचे संपादक, ‘ओअॅसिसच्या शोधात’ हे प्रवासाचे सुंदर पुस्तक लिहिणारे, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैत ते गेले. जग पाहून आलेला हा माणूस गावी परतल्यावर वसईच्या विहिरी, झाडे आणि शेतजमीन वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरला. पाणी हा उपदेशाचा विषय आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे पाणी हा विषय नाही असे कोण म्हणेल? या जिल्ह्यातल्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांत गाळ भरला आहे, बोड्या बुजत चालल्या आहेत. पाऊस चुकला की भाताचे पऱ्हे जळतात, आणि दिवाळीनंतर तरुण पोरे गाडीत बसून कामाला नागपूर, हैदराबाद गाठतात. तिरोड्याच्या फलाटावर आज जे प्रवासी उभे असतात त्यांच्यात संस्कृत काव्याच्या गप्पा मारणारे थोडे, कंत्राटदाराच्या फोनची वाट पाहणारे पुष्कळ. त्यांच्या शेजारी बसून कुणीतरी आधी विचारायला हवे, तुमचे काय बोलणे चालले आहे? आणि उत्तर ऐकायला वेळ हवा.

माझ्या विद्यार्थ्यांना भाताच्या रोवणीच्या दिवसांत फार वाईट वाटते. रविवारी उपासनेला माणसे येत नाहीत, बाया पहाटेच चिखलात उतरलेल्या असतात. त्यांना मी सांगतो, बांधीवर जा. प्रवचन वहीत राहू द्या. दुपारी धुऱ्यावर जेवणाचे डबे उघडतात तेव्हा बोलावले तर बसा, आणि कुणाच्या डब्यातले काय आहे, कोणत्या जातीचा डबा कोणता, हे न विचारता खा. बोलावले नाही तर मुकाट्याने पऱ्ह्यांच्या पेंढ्या उचलून द्या. माझ्या वर्गात याला परीक्षेचे गुण नाहीत, पण उपदेशक म्हणून कोण टिकेल हे मला तिथेच कळते.

गुरुजींच्या प्रश्नाला मी त्यांच्या हयातीत पुरते उत्तर देऊ शकलो नाही, कारण ते उत्तर उपदेशकाकडे नसते, ऐकून घरी गेलेल्या माणसाकडे असते. म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी या मालेत धर्मावर बोलायला आणखी एका शिक्षकाला बोलावू नका. सुकडीच्या यात्रेत दरवर्षी पाणपोई चालवणारी एखादी बाई, तलावावरचा एखादा ढिवर, मोहफुले वेचणारी एखादी गोंड आजी यांना या खुर्चीवर बसवा, आणि देव त्यांना कुठे भेटला ते विचारा. तोवर गावच्या वाचनालयात ‘स्मृतिचित्रे’ आणि लीळाचरित्र ही दोन पुस्तके नसतील तर ती मी देतो. तिरोड्याहून ती आणण्याची जबाबदारी इथल्या तरुणांनी घ्यावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ती मोठ्याने वाचून दाखवावीत.